नारळाएवढे फेरिटिन : वेंगुर्ल्यातील प्रकल्प नोंदी

११ जून

तृतीय वर्षाच्या चार विद्यार्थिनी आज तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाचा विषय ठरवण्यासाठी भेटल्या. त्यांच्या मनात रक्तक्षय हा विषय होता. विषय महत्त्वाचा आहे यात शंका नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. परंतु पालेभाज्यांची चित्रे आणि गोळ्यांची पाकिटे लावलेले फलक दरवर्षी होतात, आणि पोटात गेलेल्या लोहाचे पुढे काय होते याविषयी ते एक शब्दही सांगत नाहीत.

बोलता बोलता रेडीहून येणाऱ्या मुलीने आपल्या आजीचा एक प्रश्न सांगितला. रेडीला लोहखनिजाच्या खाणी आहेत, घरांच्या भिंती जांभ्याच्या आहेत, पावसाळ्यात अंगणातले पाणीसुद्धा तांबडे होऊन वाहते. रक्त कमी आहे असे आरोग्य केंद्रात सांगितल्यावर आजी म्हणाली होती, "मातयेत एवढा लोखंड आसा, मगे माझ्या अंगात कित्याक नाय?" या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यायचे तर पेशी लोह कसे सांभाळते इथपर्यंत जावे लागते, आणि तिथे गेले की लोह साठवणाऱ्या फेरिटिन या प्रथिनाच्या जनुकाशी गाठ पडते. म्हणून प्रकल्प या एका जनुकावरच करावा असे ठरले. फेरिटिनच्या हलक्या साखळीचे जनुक, म्हणजे एफटीएल, हा मुख्य विषय असेल. ते १९ व्या गुणसूत्रावर आहे. ११ व्या गुणसूत्रावरचे जड साखळीचे जनुक, एफटीएच१, जोडीला लागेल तेवढेच घ्यायचे.

१४ जून

जनुकाकडे जाण्यापूर्वी लोहाचा स्वभाव डोळ्यांनी पाहावा म्हणून एक साधा प्रयोग केला. उकळून गार केलेल्या पाण्यात हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवले. द्रावण फिकट हिरवे आणि अगदी स्वच्छ होते. त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकताच बुडबुडे आले आणि पांढुरका-हिरवट साका धरला. चंचुपात्र उघडेच ठेवले. अर्ध्या तासात वरच्या थराला तपकिरी झाक आली, दुपारपर्यंत ती खाली उतरत गेली, आणि संध्याकाळी प्रयोगशाळा बंद करताना पात्राच्या तळाशी अंगणातल्या चिखलासारखा तांबूस गाळ बसलेला होता. वरचे पाणी जवळजवळ नितळ होते.

आजीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या पात्रात आहे. हिराकशीतले लोह फेरस रूपात असते आणि ते पाण्यात विरघळते. हवेतल्या ऑक्सिजनने ते फेरिक रूपात गेले की रक्तासारख्या जवळजवळ उदासीन पाण्यात ते विरघळलेले राहूच शकत नाही. जांभ्यातले लोह याच गंजलेल्या रूपात आहे, म्हणून ते भरपूर असूनही आतड्याला फारसे उपयोगी पडत नाही. फेरस रूप तरी निर्धोक आहे का, तर तेही नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्याची गाठ पडली की अतिशय विध्वंसक असे हायड्रॉक्सिल मूलक तयार होते. या अभिक्रियेला १८९४ मध्ये तिचे वर्णन करणाऱ्या फेंटन यांचे नाव आहे. पेशीत पेरॉक्साइड सतत थोडे थोडे तयार होत असते. म्हणजे लोह मोकळे सोडले तर एका रूपात ते गाळ होऊन बसते आणि दुसऱ्या रूपात पेशीचे आवरण व डीएनए भाजून काढते.

आणि त्याच्याविना तर चालत नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण तीन ते चार ग्रॅम लोह असते, त्यातले दोनतृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये. अन्नातून रोज केवळ एक ते दोन मिलिग्रॅम आत घेतले जाते. इतक्या हळू मिळणारी वस्तू साठवून ठेवणे भागच आहे, आणि ती साठवायची तर बंद भांड्यात साठवली पाहिजे.

२० जून

ते भांडे आज बनवायला घेतले. फेरिटिनचा रेणू हा २४ उपघटकांनी, म्हणजे जड आणि हलक्या साखळ्यांनी, बांधलेला पोकळ गोल आहे. बाहेरून व्यास सुमारे १२ नॅनोमीटर, आतल्या पोकळीचा सुमारे ८ नॅनोमीटर. एका नॅनोमीटरला एक सेंटिमीटर असे प्रमाण धरले, म्हणजेच रेणू एक कोटी पट मोठा केला, तर बारा सेंटिमीटरचा गोल लागतो. पुठ्ठ्याचा गोल करायचे चालले होते. तेवढ्यात आरवलीच्या मुलीने सोललेला नारळ का नको असे विचारले. घरच्या राशीतून तिने शक्य तितके गोल असे दोन नारळ निवडून आणले. एक फोडला तेव्हा बाहेरून बारा आणि आतून साडेआठ सेंटिमीटर भरला. करवंटी आणि खोबरे मिळून जेवढी जाडी होते, तेवढीच जवळजवळ या प्रमाणात फेरिटिनच्या भिंतीची जाडी आहे. इतके नेमके जुळेल अशी माझी अपेक्षा नव्हती.

याच प्रमाणात वीस मायक्रोमीटरची पेशी दोनशे मीटरची होते. हा हिशेब मुलींनी फळ्यावर दोनदा करून पाहिला, कारण दोनशे मीटर म्हणजे महाविद्यालयाच्या फाटकापासून हमरस्त्यापर्यंतचे अंतर आहे. तेवढ्या आवारात विखुरलेले नारळ म्हणजे पेशीतले फेरिटिन.

आत किती लोह मावते हे दाखवण्यासाठी मोहरी वापरली. लोहाचा एक अणू सुमारे पाव नॅनोमीटरचा, म्हणून आपल्या प्रमाणात तो अडीच मिलिमीटरचा, म्हणजे मोठ्या मोहरीएवढा. फेरिटिनच्या एका रेणूत जास्तीत जास्त सुमारे ४५०० अणू बसतात. चौघींनी मिळून ४५० दाणे मोजले, सोनाराच्या काट्यावर तोलले आणि त्याच्या दहापट वजनाची मोहरी घेतली. ती नारळात ओतली तर तळाशीच राहिली. पोकळी बरीचशी रिकामी दिसली. मुली थोड्या हिरमुसल्या. वास्तविक हीच फलकावर लिहिण्याजोगी गोष्ट आहे, कारण आतले लोह नुसत्या धातूच्या रूपात नसते. ऑक्सिजन आणि पाणी यांच्यासह ते फेरिहायड्राइट नावाच्या खनिजाच्या रूपात असते, आणि मोहरीच्या दाण्यांमध्ये जी जागा उरली तिच्यातली बरीचशी त्यांची आहे. १४ तारखेच्या पात्राच्या तळाशी जमला तसाच हा गंज. प्रथिनाच्या भिंतीआड असल्यामुळे तो पेशीच्या पाण्यात तरंगत राहतो, एवढाच फरक. सहा दिवसांपूर्वीचे ते पात्र नारळाशेजारीच ठेवायचे ठरले.

दुसऱ्या, न फोडलेल्या नारळावर २४ भाग रंगवायचे आहेत. तीन उपघटक जिथे एकत्र येतात अशा आठ ठिकाणी बारीक वाटा असतात आणि लोह त्यांतून आत शिरते. नारळाला तीन डोळे असतात, म्हणून "हीच ती वाट का?" असे एकीने विचारले. उपमा तिथपर्यंत ताणू नये असे सांगितले. आठ छिद्रे स्वतंत्रपणे पाडू.

२३ जून

भागांना दोन रंग दिले. जड साखळी निळी, हलकी साखळी पिवळी. जड साखळीत फेरसचे फेरिक करणारे केंद्र असते. हलक्या साखळीत ते नाही, पण तिच्या आतल्या पृष्ठभागावर खनिजाचे कण धरण्यास मदत होते. यकृत आणि प्लीहा यांतील फेरिटिनमध्ये हलक्या साखळ्या जास्त असतात, हृदय आणि मेंदू यांतल्यामध्ये जड. आम्ही यकृताचा नारळ रंगवला, म्हणून तो बहुतांशी पिवळा दिसतो. पहिल्यांदा हे प्रथिन वेगळे केले ते मात्र घोड्याच्या प्लीहेतून, १९३७ मध्ये, चेक शास्त्रज्ञ व्हिलेम लाउफबर्गर यांनी.

२७ जून

जनुकाचा अनुक्रम सार्वजनिक संग्रहातून उतरवून घेण्याचे काम आज सोपवले होते. दुपारी मुलींनी आणलेला अनुक्रम पाहिला तर त्यात मधले खंडच नव्हते. एफटीएलमध्ये चार एक्झॉन (अंतिम संदेशात राहणारे तुकडे) आणि त्यांच्यामध्ये तीन इंट्रॉन (संदेशातून कापले जाणारे खंड) असायला हवेत. चूक समजण्यासारखी होती. दोन्ही साखळ्यांच्या जनुकांच्या अनेक निकामी प्रती मानवी जीनोममध्ये इतर गुणसूत्रांवर पसरलेल्या आहेत. संदेशवाहक आरएनएची (प्रथिन बनवण्यासाठी जनुकावरून काढलेल्या संदेशाची) उलट नक्कल होऊन ती डीएनएत परत शिरली की अशी प्रत तयार होते; संदेशातून इंट्रॉन आधीच कापलेले असल्यामुळे तिच्यातही ते नसतात. या छद्मजनुकांपैकी एक मुलींच्या हाती लागले होते. पुन्हा शोध घेऊन १९ व्या गुणसूत्राचा पत्ता ताडून पाहिल्यावर खरे जनुक मिळाले. त्यावरून बनणारी साखळी १७५ अमिनो आम्लांची, आणि जड साखळीची १८३.

मला स्वतःला या चुकीचा आनंदच वाटला, कारण इंट्रॉन म्हणजे काय हे पाठ्यपुस्तकातून तीन वर्षे वाचूनही ते नसल्याचे लक्षात येण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नव्हता.

५ जुलै

आजचा दिवस या प्रकल्पात सर्वांत मोलाचा ठरला, म्हणून नोंद सविस्तर करतो.

लोह वाढले की पेशी फेरिटिन वाढवते. पण ते कसे? जनुकावरून नवे संदेश काढून, असे उत्तर चौघींनीही दिले. मात्र हॅमिश मन्रो यांच्या गटाने १९७६ मध्ये उंदरांच्या यकृतावरील अभ्यासातून वेगळेच दाखवले होते. फेरिटिनचे संदेश पेशीत आधीच तयार पडून असतात. लोह नसताना त्यांचे वाचन अडवून धरलेले असते, आणि लोह आले की अडसर निघतो. हा अडसर जिथे बसतो तो भाग १९८७ मध्ये ओळखला गेला. प्रथिनाची माहिती सुरू होण्याच्या बऱ्याच आधी, संदेशाच्या अगदी आरंभी, सुमारे तीस अक्षरांचा एक तुकडा आहे. तो स्वतःवर दुमडून केसात खोवायच्या आकड्यासारखा उभा राहतो.

हा आकडा आम्ही सुंभाच्या दोरीवर लाकडी मणी ओवून केला. मणी सावंतवाडीच्या चितार आळीतून आणले, आरएनएच्या चार अक्षरांना चार रंग : ए लाल, यू पिवळा, जी हिरवा, सी निळा. अनुक्रम एकीने वाचायचा, दुसरीने मणी द्यायचा, तिसरीने ओवायचा. ओवून झाल्यावर दोरी नुसती लोंबत होती. मग मधले सहा मणी, सी-ए-जी-यू-जी-यू, वर वळणाला धरले आणि दोन्ही बाजूंचे मणी समोरासमोर आणले, तसे ते जुळत गेले. ए समोर यू, पुन्हा ए समोर यू, सी समोर जी. चौथ्या जोडीला यू समोर जी आला तेव्हा वाचणारी थांबली आणि आपण चुकलो असे म्हणाली. ती चुकली नव्हती. आरएनएमध्ये ही सैल जोडी चालते. पाचवी जोडी पुन्हा यू आणि ए. त्याच्या खाली एक निळा मणी जोडीदाराशिवाय बाहेर आला, आणि तो तसाच यायला हवा होता. वळणावरचे सहा मणी आणि हा एकटा निळा मणी यांच्या आधारानेच लोह-नियंत्रक प्रथिन आकड्याला पकडते. त्याने पकड घेतली की संदेशाच्या टोकाशी रायबोसोमचा (संदेश वाचून प्रथिन बनवणाऱ्या यंत्रणेचा) लहान भाग बसू शकत नाही, आणि वाचन सुरूच होत नाही.

अशी दोन नियंत्रक प्रथिने आहेत. पहिले मोठे विलक्षण आहे : पेशीत लोह पुरेसे असेल तर त्याच्यात चार लोह आणि चार गंधक अणूंचा गुच्छ बसतो, मग ते आकड्याला धरत नाही आणि अॅकोनिटेज नावाचे विकर म्हणून काम करते. लोह कमी झाले की गुच्छ विस्कटतो आणि तेच प्रथिन आकड्यावर जाऊन बसते. दुसरे प्रथिन लोह वाढल्यावर मोडूनच टाकले जाते.

हे समजावताना मला शब्द सापडेना. खाडीकाठच्या मुलीने तो दिला. खारभूमीच्या बांधाला जी उघाडी असते, तिची झडप भरतीच्या पाण्याच्या रेट्यानेच मिटते आणि ओहोटीला शेतातल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. तिथे उघडझाप करायला कोणी माणूस बसवलेला नसतो. "सर, ही उघाडीच की," एवढेच ती म्हणाली. ज्या पाण्याला आवरायचे तेच पाणी दार हलवते. फलकाचे शीर्षक 'लोहाची उघाडी' असे राहील.

६ जुलै

काल एक गोष्ट सांगायची राहिली होती. पेशीत लोह आत घेणाऱ्या ट्रान्सफेरिन ग्राहकाच्या संदेशावरही असेच आकडे आहेत, पण ते पाच असून संदेशाच्या शेपटाकडे आहेत. तिथे हीच प्रथिने बसली की संदेश टिकून राहतो. म्हणजे लोह कमी असताना तीच पकड कोठाराचे दार लावते आणि बाहेरून लोह आणणारे दार उघडे ठेवते. याचा स्वतंत्र फलक नको. उघाडीच्या फलकावरच दोन ओळी पुरेत.

१८ जुलै

दोरीवरचा एक मणी बदलला. संदेशाच्या सुरुवातीपासून ४० वे अक्षर, वळणातला दुसरा, लाल ए. त्याच्या जागी हिरवा जी लावला. फ्रान्समधील एका कुटुंबात नेमका हा बदल १९९५ मध्ये सापडला. त्या कुटुंबात पिढ्यानपिढ्या तरुण वयातच मोतीबिंदू होत होता आणि रक्तातले फेरिटिन फार वाढलेले असे, पण शरीरात लोह मात्र जास्त नव्हते. नियंत्रक प्रथिनाला आकडा नीट पकडता येईना, त्यामुळे लोह असो वा नसो, हलकी साखळी बनतच राहिली आणि डोळ्याच्या भिंगात साचून स्फटिकरूप झाली. झडप निखळलेल्या उघाडीसारखीच ही अवस्था.

या आजाराविषयी एक बाब ठळक अक्षरांत लिहायची आहे. फेरिटिन जास्त म्हणजे लोह जास्त, असे समजून अशा व्यक्तीचे शिरेतून वारंवार रक्त काढले, तर लोह मुळात वाढलेले नसल्यामुळे तिला रक्तक्षय होतो. एका अक्षराने कुटुंबाच्या डोळ्यांवर पडदा आणावा आणि अहवालातल्या एका संख्येच्या चुकीच्या अर्थाने त्यात उपचारांचीही भर पडावी, हे वाचताना मला फार हळहळ वाटली.

२ ऑगस्ट

दुसरा आजार घ्यावा की नाही यावर बराच वेळ गेला. २००१ मध्ये इंग्लंडच्या कंब्रिया भागातील रुग्णांत एफटीएलच्या चौथ्या एक्झॉनमध्ये एक ए अक्षर जास्तीचे आढळले. त्यामुळे तीन-तीन अक्षरे वाचण्याची पुढची चौकट सरकते, साखळीचे शेपूट बदलते आणि गोलाची भिंत सदोष होते. लोह आणि फेरिटिन मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रकांत साचते आणि साधारण चाळिशीनंतर अनैच्छिक हालचाली सुरू होतात. पहिल्या आजारात भांडी चांगली पण गरजेपेक्षा जास्त, दुसऱ्यात भांडेच गळके, असा हा भेद आहे. शेवटी घेतला, पण लहान फलकावर.

९ ऑगस्ट

रक्ततपासणीच्या फलकाचा मजकूर आज मी स्वतः लिहिला, आणि त्याला कारण घरचे आहे. मागच्या पावसाळ्यात आई दहा दिवसांच्या तापातून उठत असताना तिचे हिमोग्लोबिन ८.९ होते आणि फेरिटिन ५८. फेरिटिन ठीक आहे, लोहाची गरज नाही, असे तिला सांगण्यात आले. तिला जिना चढताना दम लागत होता. दीड महिन्याने पुन्हा तपासले तेव्हा फेरिटिन ९ निघाले. त्या दीड महिन्यात मला हा विषय शिकवत असूनही तो अहवाल नीट वाचता आला नाही, याचे वाईट वाटते.

रक्तातले फेरिटिन मोजता येऊ लागले ते १९७२ मध्ये, कार्डिफ येथील संशोधकांच्या पद्धतीमुळे. निरोगी माणसात हा आकडा साठ्याचा चांगला अंदाज देतो, आणि प्रौढांमध्ये तो १५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली गेला तर साठा संपला असे जागतिक आरोग्य संघटना मानते. पण शरीरात जंतुसंसर्ग किंवा दाह असेल तर लोह न वाढताही फेरिटिन वाढते. म्हणून अशा वेळी संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी ७० ची मर्यादा दिली आहे. आईचे ५८ या मर्यादेच्या खाली, म्हणजे कमीच होते. पावसाळ्यात आपल्याकडे तापाचे रुग्ण किती असतात हे पाहता, अहवालावर 'ताप होता का' हा प्रश्न छापलेला असायला हवा असे माझे ठाम मत आहे. फलकावर आम्ही तो छापतो आहोत.

२१ ऑगस्ट

साठवलेले लोह परत कसे निघते, याचा छोटा फलक झाला. एनसीओए४ हे प्रथिन फेरिटिनचा गोल धरून त्याला पेशीच्या पाचक पिशवीत नेते, तिथे भिंत विरघळते आणि लोह मोकळे होते. ही वाट २०१४ मध्ये स्पष्ट झाली. नारळ फोडल्याशिवाय खोबरे मिळत नाही, असे मुलींनी त्याखाली लिहिले आहे. राहू दिले.

फोडलेल्या नारळातले खोबरे सुटू लागले होते. नवा नारळ फोडून, मापे घेऊन बसवला. यावेळी आतून आठ सेंटिमीटर नेमके भरले.

२९ ऑगस्ट

गणपतीच्या सुट्टीआधी रंगीत तालीम म्हणून सगळी मांडणी रेडीच्या शाळेच्या पडवीत लावली. वीसेक बायका आल्या, त्यांत ती आजीही होती. गाळाचे पात्र तिने बराच वेळ पाहिले आणि हे आमच्या विहिरीतलेच आहे असे शेजारणीला सांगितले. नारळापाशी बायकांचे बोलणे चांगले रंगले. तापाच्या फलकापाशी दोघींनी आपापले अहवाल आणून दाखवू का असे विचारले. ते आरोग्य केंद्रातच दाखवा आणि ताप येऊन गेल्याचे आवर्जून सांगा, असे मुलींनी सांगितले.

सर्वांत शेवटी आजी मण्यांच्या दोरीजवळ आली. नातीने तिला आकडा दुमडून दाखवला, लाल मणी काढून हिरवा लावला आणि काय होते ते मालवणीत सांगितले. आजीने दोन्ही मणी हातात घेतले, बोटांनी फिरवून पाहिले आणि, "ह्यो एकच?" असे विचारले. नात होय म्हणाली. आजीने लाल मणी परत दिला आणि तो होता तिथेच लाव म्हणून सांगितले.

दोरी पुन्हा ओवून ठेवली आहे. त्या मण्याखाली ४० हा आकडा रंगवायचा राहिला आहे. तो उद्या सकाळी.